शेवटचा कधी दिसला? हिवाळी पक्षीनोंदींची पार्श्वभूमी

शरद सरता सरता पक्ष्यांची अदलाबदल होते. उन्हाळी पाहुणे निघतात, थंडीचे उतरतात. नवा पक्षी लगेच नजरेत भरतो, म्हणून त्याच्या आगमनाची तारीख सहज मिळते. जाणारा मात्र गुपचूप जातो. तो दिसेनासा झाल्याचं आठ-दहा दिवसांनी ध्यानात येतं.

या गफलतीचा एक जुना दाखला ॲरिस्टॉटलचा. रेडस्टार्ट, म्हणजे थिरथिऱ्याच्या गोतातला पक्षी, हिवाळ्यात रॉबिन, म्हणजे तांबूस छातीचा छोटा युरोपी पक्षी, होतो असं त्याने लिहून ठेवलं. त्याचं पाहणं खोटं नव्हतं. ग्रीसमधला रेडस्टार्ट आफ्रिकेकडे जातो त्याच सुमारास उत्तरेकडून रॉबिन येतात आणि दोघांच्या अंगावर तांबूस रंग असतो. एकाचं जाणं आणि दुसऱ्याचं येणं त्याने एकच घटना मानली.

गेलेले पक्षी जातात कुठे, याचा ढळढळीत पुरावा १८२२ साली जर्मनीत क्लुट्झजवळ मिळाला: पांढरा करकोचा आणि त्याच्या मानेत आरपार घुसलेला आफ्रिकी भाला. तो पेंढा भरून रोस्टॉक विद्यापीठात जपला आहे. पुढे डेन्मार्कच्या व्हिबोर्गमध्ये शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी पक्षी पुन्हा सापडला तर ओळखता यावा म्हणून पक्ष्यांच्या पायात कडी घालायला घेतली. १८९० मधली जस्ताची कडी जड ठरली. १८९९ मध्ये ॲल्युमिनियमची हलकी, क्रमांक कोरलेली कडी १६५ स्टार्लिंगना (मैनेच्या गोतातले पक्षी) घातली आणि पद्धत जमली.

मोजणीची सुरुवात १९०० च्या नाताळातली. त्या दिवशी अमेरिकेत गट पाडून शिकारीची चढाओढ चाले. पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांनी पक्षी मारण्याऐवजी मोजायचं सुचवलं. २५ ठिकाणी २७ जणांनी मोजणी केली. आज ही गणना १४ डिसेंबर ते ५ जानेवारीदरम्यान, एका दिवशी, १५ मैल व्यासाच्या वर्तुळात होते. किती तास आणि किती अंतर फिरलो हेही लिहावं लागतं. आमच्या मते खरं मोल याच रकान्यांचं आहे, कारण चार तासांत दिसलेले ४० आणि अर्ध्या तासात दिसलेले ४० सारखे नसतात. २००२ मध्ये सुरू झालेलं ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळही प्रत्येक यादीमागे विचारतं: ओळखलेल्या सगळ्या जाती लिहिल्यात का? उत्तर ‘हो’ असेल तरच न लिहिलेल्या जातीला अर्थ येतो.

या दिवसांत डोळा फसतो तो दोन कारणांनी. पानगळीने झाडं उघडी पडतात आणि पक्षी वाढल्यासारखे वाटतात. शिवाय विणीनंतर बदकांचे नर भडक पिसं टाकून मादीसारखे दिसतात. शरदात त्यांना रंग परत येत असतो, त्यामुळे नर कमी भरतात. अशा वेळी अंगाचा रंग सोडून पंखावरचा चकाकता पट्टा आणि चोच पाहावी.

थवा मोजताना आधी दहा पक्षी नेमके मोजावे, ते किती जागा व्यापतात ते पाहून तेवढे गठ्ठे थव्यावर बसवावे. दाट थव्यात आकडा हमखास कमी येतो, म्हणून गठ्ठा दाट भागातलाच घ्यावा.

आणि शून्य लिहावं. ‘१२ नोव्हेंबर: २, १५ नोव्हेंबर: ०, १८ नोव्हेंबर: ०’, वाट तीच, वेळ सकाळी ७ ते ८. एवढ्यावरून पक्षी १२ ते १५ च्या दरम्यान गेला असावा असं म्हणता येतं. नुसतं ‘१२ नोव्हेंबर: २’ असेल तर नाही.