रेंडर झाल्यावर हात फिरवायची सवय कुठून आली

थ्रीडी फिगर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा माणसाचा पुतळा, रेंडर झाली, म्हणजे सॉफ्टवेअरने उजेड-सावलीसकट तिचं चित्र काढून दिलं, की ते फोटोशॉपमध्ये नाहीतर गिंपमध्ये उघडायचं, खांद्याची मोडलेली घडी पुसायची, केस रंगवायचे, जरासा ग्लो टाकायचा, याला सगळे पोस्टवर्क म्हणतात. आणि ते सांगताना बऱ्याच जणांचा आवाज थोडा खाली जातो, म्हणजे रेंडर जमला नाही म्हणून वरून रंगरंगोटी केली असं काहीतरी. एक काळ असा होता की लोक चित्राखाली मुद्दाम 'नो पोस्टवर्क' लिहायचे, जसा काही कडक उपवास केलाय. पण या फिगर आल्या कुठून ते बघायला गेलं तर गंमत अशी की त्या वरून रंगवायच्या हिशेबानेच आल्या होत्या.

कॉम्प्युटरवर माणसाची आकृती तशी जुनी, १९६० च्या दशकात विल्यम फेटरने बोइंगमध्ये पायलटची नुसत्या रेषांची आकृती काढली होती, पण ती कॉकपिटमध्ये हात कुठवर पोचतो हे बघायला. चित्र काढणाऱ्यांच्या कामाची फिगर आली १९९५ मध्ये, पोझर नावाच्या सॉफ्टवेअरमधून. लॅरी वाइनबर्गने बनवलं, फ्रॅक्टल डिझाइनने बाजारात आणलं. चित्रकार टेबलावर तो सांध्यांचा लाकडी पुतळा ठेवतात ना, पोझ बघून काढायला, त्याच्या जागी स्क्रीनवरचा पुतळा, एवढीच कल्पना. आणि फ्रॅक्टल डिझाइन म्हणजे कोण, तर पेंटर बनवणारी कंपनी, खडू, जलरंग, तेलरंग यांचा परिणाम स्क्रीनवर देणारं सॉफ्टवेअर! पुढे १९९७ मध्ये ही कंपनी मेटाटूल्समध्ये मिसळली आणि मेटाक्रिएशन्स झाली, मेटाटूल्सकडे होतं काईज पॉवर टूल्स, फोटोशॉपचे ते गाजलेले इफेक्ट फिल्टर. म्हणजे पुतळा, ब्रश आणि इफेक्ट तिन्ही एकाच छपराखाली. लाकडी पुतळा कोणी फ्रेम करून भिंतीवर लावतं का?

फोटोशॉपची बाजू बघा. थॉमस आणि जॉन या नोल भावांचं हे काम १९९० मध्ये अडोबीने विकायला काढलं, पण आपण आज करतो तसं पोस्टवर्क तेव्हा अवघडच होतं कारण लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, नव्हतेच, ते आले तिसऱ्या आवृत्तीत, १९९४ ला. त्याआधी काही पेस्ट केलं की सिलेक्शन सुटेपर्यंतच ते वेगळं, सुटलं की खालच्या चित्रात गेलंच. आणि अनडू एकच! हिस्टरी पॅलेट १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीसोबत आलं, तोवर दर पाच मिनिटांनी नवीन नावाने फाइल सेव्ह करायची.

फिगर पार्श्वभूमीपासून वेगळी काढायची सोय मात्र याच्याही आधीची. अल्फा चॅनल, म्हणजे प्रत्येक पिक्सेल किती झाकतो आणि किती आरपार आहे हे सांगणारं चौथं चॅनल, १९७० च्या दशकाच्या शेवटी एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी काढलं, आणि १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ या दोघांनी एक इमेज दुसरीवर कशी बसवायची त्याचं गणित नीट मांडलं. हे वाचायला कोरडं वाटतं, पण काळ्या पार्श्वभूमीवर रेंडर केलेली फिगर उजेडाच्या आकाशावर ठेवून बघा, केसांच्या कडेने काजळासारखी बारीक काळी रेघ दिसते, कारण कडेच्या अर्ध्या आरपार पिक्सेलमध्ये काळा आधीच मिसळलेला असतो. मी पहिल्यांदा ती रेघ खोडरबराने दोन रात्री बसून काढली होती, नंतर कळलं की फोटोशॉपमध्ये मॅटिंगच्या मेनूत काळा मॅट, म्हणजे कडेत मिसळलेला तो काळा, काढायची कमांड आहे, एक क्लिक.

खरं काम वाढलं ते १९९९ च्या पोझर ४ पासून. अंगाबरोबर वाकणारे कपडे आले, ट्रान्सपरन्सी मॅपचे, म्हणजे कुठे आरपार आणि कुठे भरीव ते एका चित्राने ठरवलेले, केस आले, झायगोट कंपनीतून २००० मध्ये वेगळी झालेली डॅझ कंपनी फिगर विकायला लागली, २००५ पासून त्यांचं पोझरसारखंच सॉफ्टवेअर डॅझ स्टुडिओ पण आलं, आणि आता पुतळा लोकांना पूर्ण चित्र म्हणून हवा झाला, जे काम त्याचं नव्हतंच. मग दंड वर केला की खांदा चुरगळायचा, गुडघा वाकवला की पँटमधून कातडी बाहेर, केस म्हणजे डोक्यावर चिकटवलेल्या पट्ट्या. यावरचे उपाय साधारण त्याच सुमारास फोटोशॉपमध्ये येत गेले, २००० ला सहाव्या आवृत्तीत चित्राचा भाग ढकलून सरकवणारं लिक्विफाय, २००२ ला सातव्या आवृत्तीत डाग आजूबाजूच्या भागात मिसळून पुसणारा हीलिंग ब्रश आणि नवीन ब्रश इंजिन, ज्यात टॅब्लेटचं पेन दाबून बट काढता येते, मुळाशी जाड आणि टोकाला निमुळती.

आणि इफेक्ट म्हणाल तर ते बहुतेक डार्करूममधूनच उचललेत. उजळ करणाऱ्या डॉज टूलचं चित्र काडीवरच्या गोल तुकड्याचं आणि गडद करणाऱ्या बर्नचं वळवलेल्या हाताचं का आहे, तर फोटो छापताना उजेड अडवायला लोक खरंच तसंच करायचे. तो स्वप्नाळू ग्लो, लेयर डुप्लिकेट करा, गॉशियन ब्लरने धूसर करा, उजळ करणाऱ्या स्क्रीन मोडला टाका, तो फोटोग्राफर मायकल ऑर्टन १९८० च्या दशकात दोन स्लाइड एकमेकीवर ठेवून काढायचा, एक शार्प आणि एक धूसर. आपण तो जरा जास्तच ओततो हे मान्य करायला हवं.

प्लास्टिकसारखी कातडी ही तक्रारही हळूहळू गेली, प्रकाश कातडीत शिरून पसरतो त्याचं वापरता येण्याजोगं गणित हेन्रिक वान येन्सन आणि मंडळींनी २००१ मध्ये दिलं, २०१५ मध्ये डॅझ स्टुडिओत आयरे रेंडर इंजिन आलं आणि उजेड बराचसा खरा पडायला लागला. तेव्हा वाटलं की झालं, संपलं पोस्टवर्क. तर आता अंधाऱ्या सीनमध्ये उडालेले पांढरे ठिपके पुसा, डेप्थचा पास, म्हणजे काय किती लांब आहे ते सांगणारं चित्र, वेगळा काढून धुकं टाका. आणि हाताने दंड धरलेला असेल तर बोटं अजूनही नुसती टेकलेलीच दिसतात, मांस दबत नाही, मग नवीन लेयर, खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय मोड, मऊ ब्रश, काळा नको, कातडीचाच गडद तपकिरी घेऊन बोटाच्या कडेला अगदी पातळ सावली.