आठ बिटांतून 'हाफ'कडे : फ्लोट टेक्स्चरची पार्श्वभूमी

आठ-बिटी टेक्स्चरमध्ये (ग्राफिक्स कार्ड वापरते त्या चित्रात) प्रत्येक चॅनलला, म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक घटकाला, ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. २५५ म्हणजे १.०, त्याच्या वरचे सगळे छाटले जाते. फ्लोटमध्ये (घातांकासह साठवलेल्या संख्येत) ही मर्यादा नसते. त्यामुळे सूर्य आणि उन्हातली पांढरी भिंत यांची नोंद एकच होते. मागाहून एक्स्पोजर उतरवले तर सूर्यही भिंतीइतकाच राखाडी पडतो.

यावरचा एक सुरुवातीचा व्यवहार्य तोडगा ग्रेग वॉर्ड यांच्या 'रेडियन्स' या प्रकाश-गणनेच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींतला : तीन बाइट रंगांचे, चौथा तिन्हींचा सामाईक घातांक. साठवायला उत्तम. पण ग्राफिक्स कार्ड शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढताना घातांकाचीही सरासरी काढते आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर भलतेच रंग उमटतात.

चित्रपटांचे व्हिज्युअल इफेक्ट्स करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुल्या केलेल्या ओपनईएक्सआर या फाइल-प्रकारातल्या 'हाफ'मध्ये (१६-बिटी फ्लोटमध्ये) ही अडचण नाही, कारण प्रत्येक चॅनलचा घातांक स्वतंत्र : १ बिट चिन्हाचा, ५ घातांकाचे, १० मँटिसाचे (संख्येतल्या अंकांचे). कमाल किंमत ६५,५०४. १९२० × १०८० च्या चार-चॅनल बफरला (चित्र साठवण्याच्या जागेला) आठ बिटांत सुमारे ८.३ एमबी लागतात, हाफमध्ये १६.६, पूर्ण ३२-बिट फ्लोटमध्ये ३३.२. तेव्हाच्या कार्डांची मेमरी आणि बँडविड्थ पाहता हाफच टिकणार होता.

हार्डवेअर मात्र हप्त्याहप्त्याने आले. २००२ च्या रेडिऑन ९७०० वर फ्लोट टेक्स्चर वाचता-लिहिता येत होते, पण त्यावर फिल्टरिंग (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी) नाही, ब्लेंडिंगही (नवा रंग आधीच्या रंगात मिसळणे) नाही. शेडरमध्ये (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) चार नमुने घेऊन सरासरी हाताने काढायची. २००४ च्या जीफोर्स ६८०० ने हाफसाठी दोन्ही दिले, पण कडा गुळगुळीत करणारे मल्टिसॅम्पलिंग दिले नाही : एचडीआर (१.० च्या वरचा उजेडही साठवणारे चित्र) हवे तर कडा करवतीसारख्या. २००५ च्या रेडिऑन एक्स१८०० ने नेमके उलट केले, मल्टिसॅम्पलिंग दिले आणि फिल्टरिंग वगळले. दोन्ही एकत्र मिळायला २००६ अखेरचे जीफोर्स ८८०० यावे लागले. त्या मधल्या काळात व्हॉल्व्ह या गेम कंपनीने 'लॉस्ट कोस्ट'मध्ये फ्लोट बफर टाळून शेडरच्या शेवटी लगेच टोन मॅपिंग (प्रखर उजेड पडद्याच्या मर्यादेत बसवणे) केले आणि आठ-बिटी बफरच वापरला. तडजोड खरी, पण हुशार.

त्यात पेटंटची भर. फ्लोट फ्रेमबफरवर सिलिकॉन ग्राफिक्सचा हक्क असल्याने लिनक्सच्या मेसा ड्रायव्हरमध्ये ही सोय बरीच वर्षे मुळात बंदच असे. २०१८ मध्ये मुदत संपल्यावर ती खुली झाली.

हाफचा एक दोष आजही छळतो. प्रखर परावर्तन ६५,५०४ ओलांडते, किंमत अनंत होते, अनंतातून अनंत वजा झाले की 'नॅन' (संख्याच नसलेली किंमत) उरतो, आणि ब्लूमचा (प्रखर भागांभोवती तेज पसरवण्याच्या परिणामाचा) ब्लर एका पिक्सेलचा नॅन पसरवून पडद्यावर काळे चौकोन काढतो. म्हणून बफरमध्ये लिहिण्याआधीच वरची मर्यादा घालावी. ब्लरमध्ये शिरल्यावर नॅन आवरत नाही.

ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढण्याच्या वेबजीएल २ मध्ये तोच हप्त्यांचा प्रकार पुन्हा दिसतो : हाफ टेक्स्चरचे फिल्टरिंग मुळातच आहे, पण त्यात रेंडर करायला वेगळे एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) मागावे लागते आणि ३२-बिटीच्या फिल्टरिंगला आणखी एक.