घरून काम सुरू करण्याआधी कागद जुळवा : नाशिकच्या संस्थांसाठी मोफत सॉफ्टवेअरच्या अर्जाची माहिती

२४ मार्च २०२० च्या रात्री करोनाची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा पंचवटीतल्या एका संस्थेच्या लाभार्थ्यांच्या याद्या, हिशेब आणि पगारपत्रक असे सगळे कार्यालयातल्या एकाच संगणकात होते. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा सणासाठी पेठ तालुक्यातल्या गावी गेलेले. मी तेव्हा त्या संस्थेच्या कागदपत्रांचे काम बघायचो. सचिवताईंचा फोन आला, "संस्थांना ईमेल, मीटिंग, साठवण सगळं फुकट मिळतं म्हणे. अर्ज टाकून दे आजच." अर्ज आठवडाभरात गेला आणि तितक्याच लवकर परतही आला. पॅनकार्डावर नावातला 'सेवा' शब्द इंग्रजी 'व्ही' ने लिहिला होता आणि आम्ही जोडलेल्या भाषांतरात 'डब्ल्यू' ने. विश्वस्त बदलल्याचे धर्मादाय कार्यालयाला कळवणारा बदल अहवाल पडून असल्यामुळे नोंदीत अजून जुनेच अध्यक्ष होते, ते वेगळेच. मंजुरी मिळेपर्यंत जून उजाडला. तोवर मालेगावसारख्या ठिकाणी काम करणारी माणसे आपापल्या खासगी व्हॉट्सअॅपवर याद्या फिरवत होती.

गूगल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या कंपन्या सेवाभावी संस्थांना असे संच मोफत देतात. त्यांचा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. वेळ खातात ते मागचे कागद, आणि संकट आल्यावर ते जुळवता येत नाहीत, कारण तेव्हा कचेऱ्याही अर्ध्याच चालतात. म्हणून हे टिपण साथ नसतानाच वाचावे.

अर्ज कोण करू शकते

महाराष्ट्रात सेवाभावी संस्था साधारण तीन रूपांत दिसते. एक, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला न्यास. दुसरी, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालची संस्था, जिची आपल्याकडे १९५० च्या कायद्याखालीही नोंद होते. तिसरी, कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी. या तिन्ही अर्ज करू शकतात.

बचत गट, पतसंस्था, गृहनिर्माण संस्था आणि नोंदणी नसलेले मित्रमंडळ यात बसत नाहीत. मंडळाचे काम कितीही चांगले असो, पडताळणी करणाऱ्याला कागदावरची संस्था लागते. सरकारी कार्यालयेही बाद.

नाशिकमध्ये अनेक जणांची गल्लत शाळा आणि दवाखाने यांच्या बाबतीत होते. गूगलच्या सेवाभावी योजनेत रुग्णालये आणि शाळा-महाविद्यालये पात्र नाहीत. शाळेसाठी गूगलची स्वतंत्र शिक्षण योजना आहे आणि तिचा मूळ संच मोफत मिळतो, तेव्हा शाळेच्या नावाने तिकडेच अर्ज करा. एकाच न्यासाकडे शाळाही असेल आणि वस्तीत आरोग्याचे किंवा महिलांचे कामही असेल, तर अर्जात संस्थेचे काम लिहिताना धर्मादाय बाजू स्पष्ट मांडा. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर नुसता शाळेचा निकाल दिसत असेल तर तपासणाराही तसाच अर्थ काढेल.

आणखी एक. या कंपन्या भेदभाव न करण्याची अट मान्य करायला लावतात. आपल्याकडच्या काही जुन्या ज्ञातिसंस्थांच्या घटनेत 'अमुक समाजाच्या विद्यार्थ्यांसाठीच' असे उद्दिष्ट असते. 'मान्य आहे' वर टिचकी मारण्याआधी आपली घटना काढून वाचा. पुष्कळ विश्वस्तांनी ती सही केली त्या दिवसानंतर पाहिलेली नसते.

काय मिळते

गूगलच्या मोफत संचात संस्थेच्या नावाचे ईमेल, एका वेळी १०० जणांपर्यंतची व्हिडिओ बैठक आणि सगळ्यांत मिळून १०० टीबी साठवण येते. मायक्रोसॉफ्टकडे बिझनेस बेसिक हा संच ३०० जणांपर्यंत मोफत आहे. पूर्वी बिझनेस प्रीमियमच्या १० जागाही मोफत असत, ती सवलत जुलै २०२५ पासून बंद होत गेली. म्हणून जुनी माहिती वाचून अंदाजपत्रक करू नका. पोस्टर आणि अहवाल करण्यासाठी कॅनव्हा ५० जणांपर्यंत मोफत देते. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे अर्ज करायला हरकत नाही, पण रोजच्या कामाला एकच संच ठरवा. अर्धी माणसे इकडे आणि अर्धी तिकडे असली की फाइल सापडत नाही आणि भांडणे मात्र सापडतात.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्र सगळ्यात आधी. तुमची संस्था १८६० आणि १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली नोंदलेली असेल तर दोन प्रमाणपत्रे असतील आणि क्रमांकही दोन. दोन्ही स्कॅन करा. प्रमाणपत्र मराठीत असते आणि तपासणारा बहुधा परदेशात बसलेला असतो, म्हणून लेटरहेडवर सरळ इंग्रजी भाषांतर करून अध्यक्ष-सचिवांच्या सहीने जोडावे. भाषांतरात संस्थेचे नाव पॅनवर जसे आहे अक्षरशः तसेच लिहा, मग ते स्पेलिंग तुम्हाला कितीही खटकले तरी. पॅनवरच चूक असेल तर आधी पॅन दुरुस्त करा आणि मग बाकीचे.

त्यानंतर परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या सार्वजनिक न्यास नोंदवहीतला उतारा, ज्याला आपण नुसते पीटीआर म्हणतो. यात सध्याचे विश्वस्त दिसले पाहिजेत. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत बदल अहवाल द्यायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असते आणि फार थोडे जण ते करतात. नाशिकला सह धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, मुंबईला जायची गरज नाही. तरीही अहवाल दाखल होणे आणि मंजूर होणे यांत बराच काळ जाऊ शकतो. तो प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि नव्या कार्यकारिणीच्या निवडीचा ठराव जवळ ठेवा. मी आजवर जितके अडकलेले अर्ज पाहिले, त्यांतले निम्मे इथेच अडकले होते.

आयकराचे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत). २०२१ च्या आधीचे, शिक्का मारलेले जुने प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायला ठीक आहे, अर्जाला चालणार नाही. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली. त्या फेरीतली बहुतेक प्रमाणपत्रे निर्धारण वर्ष २०२२-२३ ते २०२६-२७ अशी पाच वर्षांची होती. तुमच्या हातातला कागद त्यातला असेल तर नूतनीकरणाचा आदेश आला का ते लेखापालांना विचारा आणि तोच जोडा.

नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलवरचा क्रमांकही काढून ठेवा. त्याला संस्थेचे पॅन आणि पदाधिकाऱ्यांचे पॅन-आधार लागतात. सॉफ्टवेअरच्या अर्जात हा क्रमांक विचारतीलच असे नाही, पण लॅपटॉपसाठी सरकारी किंवा परदेशी निधीकडे वळलात की पहिला प्रश्न तोच येतो.

आणि ठराव. हा कागद घरचाच, तरी तोच नीट नसतो. मजकूर साधा ठेवा : 'संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या अमुक तारखेच्या सभेत असे ठरले की, संस्थेच्या ईमेल व ऑनलाइन कामकाजाच्या सेवांसाठी अर्ज करणे, अटी मान्य करणे व खाते चालवणे याचे अधिकार सचिव यांना व त्यांच्या अनुपस्थितीत खजिनदार यांना देण्यात येत आहेत.' खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. 'अनुपस्थितीत' हे शब्द गाळू नका. साथीत अधिकार असलेला एकटा माणूसच दवाखान्यात दाखल झाला तर काय होते, ते २०२१ च्या उन्हाळ्यात अनेक संस्थांनी पाहिले.

अर्जाचा क्रम

आधी संस्थेच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळ आणि ईमेलसाठीचा इंटरनेटवरचा पत्ता, घ्या. ते संस्थेच्या पैशाने, संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या मोबाइल क्रमांकावर असावे. एका संस्थेचे डोमेन एका स्वयंसेवक मुलाने हौसेने स्वतःच्या खात्यावर घेतले होते. पुढे तो नोकरीसाठी परदेशी गेला. त्याच्याकडून ते सोडवायला जितका वेळ गेला, तितक्या वेळात संस्थेने दुसरे नाव घेऊन नवा बोर्ड रंगवला असता.

मग गूगलच्या सेवाभावी योजनेच्या पानावर संस्थेची माहिती भरायची. पडताळणी गूगल स्वतः करत नाही, ती गुडस्टॅक नावाच्या कंपनीकडून होते. तिच्याकडून ईमेलने प्रश्न येतात आणि ते इंग्रजीत असतात, ते फसवणुकीचे समजून पुसून टाकू नका. अर्जदार खरेच संस्थेचा आहे का, हाही त्यांचा प्रश्न असतो. म्हणून अर्ज डोमेनवरच्या ईमेलवरून करावा किंवा ठरावाची प्रत तयार ठेवावी. पडताळणी झाली म्हणजे ईमेल लगेच सुरू झाले असे नाही. कामकाजाचा संच वेगळा सुरू करावा लागतो : आधी चाचणी खाते, मग डोमेन आपलेच आहे हे सिद्ध करण्यासाठी डोमेनच्या नोंदीत एक ओळ टाकणे आणि त्यानंतर मोफत संचाची मागणी. ही शेवटची मागणी करायला विसरलेल्या संस्थांना चाचणी संपल्यावर बिल येते आणि मग 'फुकट म्हणाला होतात' म्हणून मला फोन येतो.

पैसे, सह्या आणि लॅपटॉप

सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी यंत्र विकत घ्यावेच लागते. सार्वजनिक न्यासाने लॅपटॉप हप्त्यावर घेण्याआधी थांबावे. १९५० च्या कायद्याच्या कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज काढता येत नाही, आणि दुकानदार त्याला काहीही म्हणो, ईएमआय म्हणजे कर्जच. त्यापेक्षा देणगीदाराला लॅपटॉपच वस्तुरूपाने द्यायला सांगा आणि साठा नोंदवहीत लगेच चढवा.

चालू प्रकल्पाच्या निधीतून घ्यायचे असेल तर देणाऱ्याची लेखी संमती घ्या. नुसता फोनवरचा होकार ऑडिटला दाखवता येत नाही. परदेशी निधी असेल तर प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी देणगी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, हे खरेदीच्या आधी लेखापालांपुढे मांडा. त्याच दुरुस्तीने तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावरही बंदी आली, तेव्हा 'आमच्या एफसीआरएतून तुमच्यासाठी पाच टॅब घेतो' हा जुना शेजारधर्म आता चालत नाही.

चेकवर दोन सह्या लागतात आणि दुसरा सहीदार पुण्याला लेकाकडे अडकलेला. हे दृश्य टाळायचे तर बँकेकडून दुहेरी मंजुरीची नेटबँकिंग सुविधा घ्या : एकाने रक्कम भरायची, दुसऱ्याने कुठूनही मंजूर करायची. त्यालाही ठराव लागतो. वरचाच ठराव वाढवा.

सभेचे म्हणाल तर कलम ८ च्या कंपनीला संचालक मंडळाची बैठक व्हिडिओवर घेण्याची मुभा कायद्यातच आहे. न्यास आणि संस्थांनी मात्र आपली घटना बघावी. तिथे फिरत्या ठरावाची (सभा न घेता मसुदा सगळ्यांकडे फिरवून मंजूर करण्याची) किंवा ऑनलाइन सभेची तरतूद नसेल तर घटनादुरुस्तीची रीतसर प्रक्रिया वकिलाकडून करून घ्या. संकट ओसरल्यावर घेतलेल्या सभेत मागचे निर्णय कायम करून घेणे हा तात्पुरता उपाय झाला.

सुरगाण्याला काय करायचे

नाशिक शहरात गंगापूर रोडवर बसून सगळे ऑनलाइन छान दिसते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर रेंज टेकडीवर चढल्यावर येते आणि पावसाळ्यात दिवसदिवस वीज नसते. तिथल्या ताईंना रोजच्या व्हिडिओ बैठकीला बोलावणे म्हणजे त्यांचा दिवस वाया घालवणे. माहिती गोळा करायला कोबो कलेक्टसारखे अॅप द्या. नेट नसताना फॉर्म भरून ठेवायचे आणि तालुक्याला आल्यावर पाठवायचे. बैठकीऐवजी आठवड्यातून एक ठरलेला साधा फोन पुरतो.

लाभार्थ्यांच्या आधारकार्डाचे फोटो खासगी फोनवर राहू देऊ नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी संस्थेवर येते, आणि कायदा नसता तरी ती होतीच. संस्थेच्या खात्यात एक सामायिक फोल्डर ठेवा आणि तो कोणाला उघडेल याची यादी सहा महिन्यांनी तपासा. नोकरी सोडलेल्याचे खाते त्याच दिवशी बंद करा.

मुख्य खात्याचा पासवर्ड आणि त्याचे पर्यायी कोड कागदावर लिहून बंद पाकिटात अध्यक्षांकडे एक आणि खजिनदारांकडे एक असे ठेवा. दोघे एकाच घरातले नसावेत.