वाक्यपृथक्करण (संगणकशास्त्र)

वाक्यातील कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे, हे व्याकरणाच्या नियमांवरून शोधण्याची रीत. शाळेत फळ्यावर उद्देश्य-विधेय वेगळे काढतात, तेच काम संगणकात पार्सर ही आज्ञावली करते.

अवघड भाग संदिग्धतेचा. ‘मोठ्या तालमीच्या दारात’ यात मोठी काय, तालीम की दार? ‘मोठे तालमीचे दार’ म्हटले तर शंका उरत नाही, कारण ‘मोठे’ दाराचे लिंग सांगते. ‘दारात’ होताच मात्र विशेषणाचे सामान्यरूप ‘मोठ्या’ होते, ते तिन्ही लिंगांत सारखेच, आणि खूण पुसली जाते. अशा ३ शब्दांची जोडणी २ प्रकारे होते, ४ शब्दांची ५, ५ शब्दांची १४ आणि १० शब्दांची तब्बल ४,८६२ प्रकारे. एकेक मांडून पाहत बसणे परवडणारे नाही.

यावरचा सुंदर तोडगा १९६० च्या दशकात निघाला. कॉक, यंगर आणि कासामी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्रिकोणी तक्ता आखायचा. तळाला सुटे शब्द, त्यावर दोन-दोन शब्दांचे गट, मग तीन-तीनचे. प्रत्येक गटाचे उत्तर एकदाच काढून घरात लिहायचे आणि वरच्या ओळींत तेच वापरायचे. १० शब्दांना ५५ घरे पुरतात. वेळ शब्दसंख्येच्या घनाच्या प्रमाणात लागतो, म्हणजे वाक्य दुप्पट लांबले की काम आठपट. संगणकशास्त्रज्ञ जे अर्ली यांची १९७० ची रीत संदिग्धता नसलेल्या व्याकरणासाठी हा वेळ वर्गाच्या प्रमाणावर आणते. संगणकीय भाषांसाठी डॉनल्ड कनूथ यांनी १९६५ मध्येच त्याहून वेगवान मार्ग दाखवला होता, पण त्या भाषा मुद्दाम निःसंदिग्ध घडवलेल्या असतात.

बोलीभाषा तशी नसते. कोल्हापुरात ‘करतो आहे’ हे दोन शब्द ‘करालाय’ असे एकात येतात. ते आधी फोडावे लागतात. इथल्या कित्येक बायका ‘मी आले’ऐवजी ‘मी आलो’ म्हणतात. ‘मी’ला लिंगाची खूण नसल्याने एवढे वाक्य प्रमाण मराठीच्या नियमांतूनही सुटते. ‘मी एकटीच आलो’ म्हटले की विशेषण स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी, आणि पार्सर वाक्य चुकीचे ठरवतो. चूक बोलणारीची नाही, अपुऱ्या व्याकरणाची आहे. प्रथमपुरुषी ‘-लो’ हे रूप दोन्ही लिंगांत चालते, एवढा एक नियम वाढवला की तक्त्याचे सर्वांत वरचे, पूर्ण वाक्याचे घर भरते.