लाइव्हच्या कोपऱ्यातला आकडा

5 ऑगस्ट 2024 रोजी डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारातली एक मुलाखत थेट दिसली, ती एडिन रॉस या विशीतल्या स्ट्रीमरच्या ‘किक’ या थेट प्रक्षेपणाच्या साइटवरच्या चॅनेलवर. आठवड्याभरात ‘एक्स’वर इलॉन मस्क यांच्याशी गप्पा झाल्या, त्याही चाळीसेक मिनिटं उशिरा सुरू होऊन. मग सुरू झालं, टीव्हीची सद्दी संपली, आता ज्याच्या हाती मोबाइल तो संपादक!

हे अर्धंच खरं. चॅनेल वाढले, पण प्रेक्षक सारखे वाटले गेले नाहीत. मूठभरांकडे रीघ आणि बाकीच्यांकडे पाच-दहा डोकी. असं का, हे एका सुंदर प्रयोगात दिसतं.

सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी, 14 हजारांवर श्रोते. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीचे आठ ‘जगां’त विभागलेले; प्रत्येकाला आपल्याच जगात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं ते दिसे. सगळी जगं शून्यापासून सुरू. निकाल गुणवत्तेवरच लागला असता तर आठही याद्या जुळल्या असत्या. पण आकडे न पाहणाऱ्या गटात 26वं आलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं, दुसऱ्यात 40वं! सुरुवातीचे चार-दोन डाउनलोड योगायोगाने होतात, आकडा पाहून पुढचा तेच ऐकतो, आकडा आणखी फुगतो. अव्वल गाणी सहसा बुडाली नाहीत, टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. गाणी आकड्यांच्या क्रमाने लावली तेव्हा दरी आणखी वाढली.

लाइव्ह टॉक शोमध्ये हे चक्र मिनिटांत फिरतं. आत्ता किती जण पाहताहेत हे कोपऱ्यात दिसतं आणि ‘किक’सारख्याच ‘ट्विच’ या साइटवर त्याच आकड्याच्या उतरत्या क्रमाने चॅनेल लावताही येतात. (‘हमखास व्हायरल’चे क्लास घेणाऱ्यांनी आणि अपलोडचा मुहूर्त काढून देणाऱ्यांनी ती आठ जगं जरूर पाहावीत. गाणं तेच होतं.)

मग बॉट, म्हणजे प्रेक्षक असल्याचं भासवणारे प्रोग्राम, लावून आकडाच फुगवला तर? सालगानिक आणि वॉट्स यांनी पुढे श्रोत्यांना गाण्यांची क्रमवारी मुद्दाम उलटी दाखवली. खोटा आकडा मिळालेली काही गाणी खरोखर लोकप्रिय झाली. सर्वांत चांगली गाणी हळूहळू पुन्हा वर चढू लागली, पण तोवर एकूण डाउनलोडच घटले होते.