साहसी मोटरसायकल भटकंती, खानदेशातील

साहसी मोटरसायकल भटकंती, खानदेशातील : डांबरी रस्ता सोडून गाडवाटा, पाटचाऱ्या, नदीपात्रे, घाट आणि जंगलातले कच्चे रस्ते यांवरून मोटरसायकलने केलेला प्रवास. मित्रांचा गट किंवा दोन-तीन कुटुंबे एकत्र निघतात. सामान गाडीवरच बांधलेले असते आणि मुक्काम वाटेतल्या गावी, नातेवाइकांकडे किंवा एखाद्या देवस्थानाच्या धर्मशाळेत होतो. यात शर्यत नसते. रॅली आणि मोटोक्रॉस या खेळांचे तंत्र इथे कामी येते, त्यांची घाई कामाची नाही. जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे आणि त्यांना लागून असलेला नाशिक जिल्ह्यातील बागलाणचा भाग एवढे क्षेत्र या नोंदीत धरले आहे.

पूर्वपीठिका : १९७८च्या डिसेंबरात पहिली पॅरिस–डाकार रॅली निघाली आणि १९८० साली बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस ही डांबरावर व कच्च्यावर सारखीच चालणारी गाडी आली. त्यानंतर या प्रकाराला जगभर ओळख मिळाली. भारतात १९९९मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालय रॅलीने त्याची गोडी लावली. सी. एस. संतोष हे २०१५ साली डाकार रॅलीत उतरलेले पहिले भारतीय ठरले. खानदेशात मात्र कच्च्या वाटेवरची फटफटी त्याआधीपासून होती. राजदूत, येझदी, पुढे एम-८०, आणि १९८५मध्ये हिरो होंडा सीडी १०० आल्यानंतर शंभर सीसीच्या गाड्या यांवर दूधवाले, आठवडे बाजाराला कापड नेणारे व्यापारी, पाड्यावर लस घेऊन जाणारे आरोग्यसेवक आणि सातपुड्यात नेमणूक झालेले गुरुजी वर्षानुवर्षे हिंडले. चाळीस लिटर दुधाचे दोन कॅन लटकवून पावसाळ्यात फरशी (नाल्यावरचा बुटका पूल) ओलांडणारा माणूस जे जाणतो, ते कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात इतक्या लवकर शिकायला मिळत नाही. आजचे हौशी गट त्यांनीच मळलेल्या वाटांवरून जातात आणि अडले की त्यांच्याकडेच मदत मागतात. या प्रदेशातील भटकंतीचा खरा पाया हाच आहे, म्हणून तो इथे आधी सांगितला.

भूप्रदेश : खानदेशाचे वैशिष्ट्य असे, की एका दिवसाच्या अंतरात चार-पाच प्रकारची जमीन चाकाखाली येते. मधून तापी पूर्व-पश्चिम वाहते. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि बुराई या नद्या तिला दक्षिणेकडून मिळतात, तर सुकी, अनेर आणि गोमाई उत्तरेकडून. खोऱ्यात खोल काळी माती आहे. ती कोरडी असताना बैलगाडीच्या चाकोऱ्या सिमेंटसारख्या टणक होतात. पुढचे चाक एका चाकोरीत शिरले, की ती जिथे नेईल तिथे जावे लागते. तिरकस बाहेर काढायला गेले तर गाडी आडवी होते. हीच माती एका सरीने लोण्यासारखी निसरडी होते, टायरला थरावर थर चिकटतात, मडगार्डखाली गच्च बसतात आणि चाक फिरायचेच थांबते. अशा वेळी काठीने माती उकरून काढणे आणि गाडी ढकलणे एवढेच हाती राहते.

तापीकाठ आणखी वेगळा. नदी गाळाच्या उंच दरडींमध्ये खोल वाहते आणि काठाला पावसाने कोरलेल्या घळींचे जाळे आहे. यांतल्या वाटा दर पावसाळ्यात बदलतात. मागच्या वर्षीचा उतार यंदा कडा झालेला असू शकतो, म्हणून वळणापलीकडे पायी जाऊन पाहिल्याशिवाय गाडी घालू नये. धुळे–नंदुरबार पट्ट्यात काळ्या कातळाच्या अरुंद, लांबच लांब भिंती माळातून उभ्या राहिलेल्या दिसतात. दख्खनच्या पठाराला जन्म देणाऱ्या लाव्ह्याच्या भेगांत थिजलेले हे खडक आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम धावतात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाटाड्याला त्यांतली खिंड शोधावी लागते. त्यांच्या पायथ्याचा मुरूम आणि सुटी गोटी ही नवशिक्यासाठी उत्तम शाळा आहे, कारण पडले तरी वेग कमी असतो आणि पाण्याची भीती नसते.

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा–अजिंठ्याची रांग. सातपुड्यात लाल मुरूम, मोठे धोंडे, तीव्र चढ आणि नाल्यांची ओलांडणी सतत येते. पाटचारीकडेच्या वाटा, विशेषतः गिरणेच्या कालव्यांलगतच्या, त्यामानाने सरळ व सपाट असतात. मुलांना घेऊन पहिल्यांदा कच्च्यावर जायचे तर तिथूनच सुरुवात करावी. समोरून ऊस किंवा केळी भरलेला ट्रॅक्टर आला, की वाट आपण द्यायची.

हंगाम : ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. जून ते सप्टेंबर खोऱ्यात काळी माती वाट अडवते आणि घाटांत दरडी कोसळतात. सातपुड्याची हिरवाई याच दिवसांत खुलते हे खरे, पण तेव्हा डांबरी घाटरस्त्यापुरतेच राहणे शहाणपणाचे. एप्रिल-मे मध्ये जळगाव–भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. हेल्मेट, जॅकेट आणि गुडघ्याचे पॅड घालून अशा उन्हात हळू चालणे अंगावर येते. त्यामुळे पहाटे निघून दहाच्या आत सावली गाठायची आणि दुपार आंब्याखाली किंवा देवळात काढायची, असा शिरस्ता आहे. होळीच्या सुमारास नंदुरबारच्या सातपुड्यात काठी, मोलगी आणि धडगाव परिसरात आदिवासींच्या मोठ्या होळ्या पेटतात आणि रात्रभर रस्त्यांवर चालणाऱ्यांची रांग असते. त्या रात्री गाडी लांब लावून पायी जावे.

गाडी : रॉयल एनफिल्ड हिमालयन (२०१६) आणि हिरो एक्सपल्स २०० (२०१९) या गाड्यांनी मध्यमवर्गीय घरात हा छंद आणला. केटीएम ३९० अॅडव्हेंचर २०२० साली, तर ४५० सीसीची नवी हिमालयन २०२३च्या अखेरीस आली. जुनी हिमालयन आणि एक्सपल्स दोन्ही जमिनीपासून सुमारे २२० मिलिमीटर उंच आहेत, पण हिमालयन दोनशे किलोच्या आसपास भरते आणि एक्सपल्स जवळपास चाळीस किलोंनी हलकी. घळीत किंवा नाल्यात पडलेली गाडी दोघांनी उचलायची असते, तेव्हा हा फरक हातांना कळतो. खानदेशापुरते बोलायचे तर हलकी गाडी निर्विवाद सरस. साधी स्प्लेंडरसुद्धा चांगल्या टायरवर सातपुड्यातल्या बहुतेक वाटा पार करते, फक्त तळाला दगड लागणार नाही इतके बघून चालवावी लागते.

वेड्या बाभळीचा काटा हा इथला कायमचा शत्रू. जादा ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, हातपंप, चेनची कडी, क्लचची केबल, प्लग आणि पाना इतके सामान गटात असलेच पाहिजे. कच्च्यावर टायरची हवा थोडी कमी केली की पकड वाढते. डांबरावर परतताना ती पुन्हा भरावी, नाहीतर ट्यूब कापते. गाडीच्या मागे उंच बोजा बांधला तर चढावर पुढचे चाक हलके पडते, म्हणून जड वस्तू खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या ठेवतात.

चालवण्याचे तंत्र : खडबडीत भागात पावठ्यांवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभे राहून, गुडघ्यांनी टाकी धरून आणि हात सैल ठेवून चालवतात. त्यामुळे धक्के पाय पचवतात आणि नजर लांब जाते. नजर धोंड्यावर ठेवली तर गाडी धोंड्यावरच जाते. बाजूच्या मोकळ्या जागेवर ठेवावी. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गियरात इंजिनालाच गाडी धरू द्यावी आणि पुढचा ब्रेक जपून लावावा. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सुट्या मुरुमावर मागचे चाक नीट थांबत नाही, म्हणून काही गाड्यांत ते मागच्या चाकापुरते बंद करण्याची सोय दिलेली असते. पाणी आले की आधी कोणीतरी चालत पार जाऊन खोली आणि तळ बघावा. गुडघ्यावर वाहते पाणी असेल तर थांबावे. फरशीवरून पाणी वाहत असताना ती किती का ओळखीची असेना, त्यावर गाडी घालू नये. पावसाळ्यात इथे माणसे अशीच वाहून गेली आहेत.

गट आणि कुटुंब : गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवायचा. हा नियम कडक वाटतो, पण तो पाळला नाही की अपघात होतात आणि मैत्रीही विस्कटते. पुढे वाट माहीत असलेला, मागे दुरुस्ती येणारा, मध्ये नवखे, अशी रचना ठेवतात. दर फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत उभे राहायचे, म्हणजे शेवटच्यापर्यंत वाट पोहोचते. सातपुड्यात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, तेव्हा ही साधी साखळीच उपयोगी पडते. उन्हाळ्यात धुळीमुळे दोन गाड्यांत बरेच अंतर सोडावे लागते.

घरच्यांना घेऊन जाण्याची प्रथा खानदेशात मुळातच आहे. कानबाईच्या सणाला गावी जाणे, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, वणीच्या सप्तशृंगीला पायी निघालेल्या माणसांमागे पाणी घेऊन जाणे, हे सारे फटफटीवरच होत आले. एका गाडीवर चौघे बसण्याची जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे. कायद्याने चालवणाऱ्यामागे एकालाच बसता येते आणि दोघांनाही हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिन्यांवरील व चार वर्षांखालील मुलाला हेल्मेट हवे, चार वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको, हा केंद्रीय नियम २०२३च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. याहून पुढे जाऊन एवढे म्हणावे लागेल, की इतक्या लहान मुलाला कच्च्या वाटेवर मोटरसायकलवर नेऊच नये. सोबत एक जीप ठेवावी. मुले, आजी-आजोबा आणि भांडीकुंडी त्यात येतात आणि अवघड टप्प्याला मागे बसणाराही त्यात जाऊ शकतो.

मागे बसणाऱ्याचे कामही शिकण्याचे असते. चढावर पुढे झुकायचे, वळणावर चालवणाऱ्याच्या विरुद्ध कलायचे नाही, धोंड्याआधी पावठ्यांवर थोडे उठायचे. अनेक घरांत बहीण किंवा वहिनी मागे बसून हे शिकते आणि पुढच्या हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन येते. दोघे आळीपाळीने चालवतात तेव्हा थकवा निम्मा होतो, हे सगळ्या गटांनी मनावर घ्यावे. जेवणाला वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी किंवा बट्टी-वरण. गोवऱ्यांवर बट्ट्या भाजायला दीड-दोन तास लागतात, तेवढ्यात चेन साफ होते आणि सैल झालेले बोल्ट आवळून होतात.

मार्ग : बऱ्हाणपूर–अंकलेश्वर महामार्ग रावेर, यावल, चोपडा, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा सातपुड्याच्या पायथ्याने जातो आणि डोंगरात शिरणाऱ्या जवळपास सगळ्या वाटा त्यालाच फुटतात. पूर्वेकडे खिरोद्याहून पाल हा सोपा घाट. चाळीसगावकडून पाटणादेवीचा रस्ता कुटुंबासाठी चांगला. साक्री तालुक्यात कोंडाईबारीच्या आसपासच्या टेकड्या नवशिक्यांना मानवतात, तर बागलाणात साल्हेर–मुल्हेरच्या पायथ्याच्या वाटा डोंगरप्रेमींच्या आवडीच्या.

सर्वांत समृद्ध मात्र नंदुरबारचा सातपुडा. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर आणि सातपायरी घाटाने तोरणमाळला पोहोचता येते. सुमारे ११५० मीटर उंचीच्या या पठारावर यशवंत तलाव, सीताखाईची दरी आणि गोरक्षनाथाचे स्थान आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. दुसरा फेरा तळोद्यापासून : चांदसैली घाट चढून धडगाव, तिथून मोलगी आणि देवगोई घाटाने अक्कलकुव्याला उतरणे. वाटेत अस्तंब्याचे शिखर दिसते. १३०० मीटरहून उंच असलेल्या या शिखरावर दिवाळीच्या दिवसांत अश्वत्थाम्याच्या यात्रेला माणसे पायी जातात. चांदसैलीची वळणे आवळ आहेत आणि पावसाळ्यात दरडींनी घाट बंद पडतो. हा फेरा नकाशावर एका दिवसाचा वाटतो, तो दोन दिवसांत करावा. उत्तरेला नर्मदेच्या काठाची गावे सरदार सरोवराच्या फुगवट्याने वेढलेली आहेत. तिथे रस्ता पाण्याशी संपतो आणि पुढे होडी लागते.

जंगल आणि गावे : यावल (१९६९), अनेर धरण आणि गौताळा औट्रमघाट (१९८६) ही अभयारण्ये याच प्रदेशात येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही, आणि परवानगी मिळाली तरी ठरलेला रस्ता सोडता येत नाही. पाटणादेवी परिसर गौताळ्यातच आहे, तर पाल, जामन्या, लंगडा आंबा ही ठिकाणे यावल अभयारण्याशी निगडित आहेत. नाक्यावर नोंद केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावून पाड्यातून जाणे हा सरळसरळ उपद्रव आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला बायका-मुले पहाटे झाडांखाली असतात, तेव्हा झाडाखालून गाडी नेऊ नये. पेरणी झालेल्या शेतातून वाट काढणे तर अक्षम्य.

गावात थांबले की पारावरून ‘कथा जाई ऱ्हायनात भाऊ?’ (कुठे चाललात भाऊ?) असा अहिराणीत प्रश्न येतोच. थांबून उत्तर द्यावे. पुढच्या नाल्याला पाणी किती आहे, दरड हटली का, हे नकाशा सांगत नाही, तो विचारणारा सांगतो. सातपुड्याच्या आत अहिराणीपेक्षा पावरी आणि भिली बोलणारे अधिक भेटतात. फोटो विचारून काढावेत, पाहुणचार घेतला तर किराण्याच्या रूपाने काही द्यावे.

इंधन आणि उपचार : घाट चढण्याआधी पायथ्याच्या तालुक्याच्या गावी टाकी भरून घ्यावी. धडगाव आणि अक्कलकुवा येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. गंभीर दुखापतीला नंदुरबार गाठावे लागते, आणि घाटातून ते अंतर काही तासांचे होते. १०८ची रुग्णवाहिका रेंज असेल तिथूनच बोलावता येते. म्हणून गटातल्या दोघांना तरी प्रथमोपचार यावेत, प्रत्येकाच्या खिशात रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद असावा, आणि डोंगरात शिरण्यापूर्वी शेवटच्या गावातल्या जीपवाल्याशी बोलून ठेवावे.