कचऱ्याची गाडी निघून गेल्यावर

सुका कचरा वेगळा ठेवला, गाडी आली, डबा रिकामा झाला. आपल्या लेखी विषय तिथे संपतो. पुनर्वापराचं अवघड काम मात्र त्यानंतरच सुरू होतं. बाटल्या, पुठ्ठे, डबे, काच हे सगळं गाडीत एकमेकांवर पडतं, दाबलं जातं आणि थोड्याच वेळात एका मोठ्या छपराखाली त्याचा ढीग लागतो. त्या ढिगातल्या बऱ्याचशा वस्तूंना किंमत आहे. ढिगाला काहीच नाही. काच आणि धातू वितळवणं माणसाला हजारो वर्षांपासून येतं. अडतं ते एकात मिसळलेलं पुन्हा सुटं करण्यापाशी.

चाळणं, पाखडणं, वेचणं, निवडणं. मराठीत या कामासाठी किती नेमकी क्रियापदं आहेत! आणि वर्गीकरण केंद्रातली यंत्रं अक्षरशः हेच करतात.

सुरुवात वेचण्यापासून होते आणि ती अजूनही माणसांच्या हातांनीच होते. ढीग सरकत्या पट्ट्यावर चढतो. दोन्ही बाजूंना हातमोजे घातलेली माणसं उभी असतात आणि यंत्राला झेपणार नाही ते उचलून काढतात: पाण्याचा रबरी पाइप, वायर, चपला, लंगोट, इंजेक्शनच्या सुया. त्यांची नजर सगळ्यात जास्त शोधत असते ती लिथियम बॅटरी. खेळण्यातली किंवा मोबाइलमधली एक छोटीशी बॅटरी यंत्रात चिरडली, की तिच्यातले दोन ध्रुव एकमेकांना टेकतात, ती तापत जाते आणि पेट घेते. आजूबाजूला कोरडा कागदच असतो. जगभरातल्या वर्गीकरण केंद्रांत अशा आगी वारंवार लागतात. बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका असं सांगतात, ते त्या पट्ट्याशी उभ्या असलेल्या माणसांसाठी.

मग चाळणी. ही जाळीची नसते. ओळीने बसवलेले लोखंडी दांडे असतात, प्रत्येक दांड्यावर चकत्या, आणि सगळे दांडे एकाच दिशेने फिरत असतात. मोठा पुठ्ठा चकत्यांवरून तरंगल्यासारखा पुढे जातो. छोट्या वस्तू मधल्या फटींतून खाली पडतात. काच आधीच फुटलेली असते किंवा इथे फुटते आणि तिचे तुकडे सगळ्यात खाली जमतात. युक्ती साधी आणि भक्कम आहे, पण तिचा एक शत्रू आहे: प्लास्टिकची पातळ पिशवी. पिशवी फटीतून खाली पडत नाही आणि वरूनही पुढे जात नाही. ती दांड्याला गुंडाळली जाते. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. काही तासांत दांड्यावर पिशव्यांचा इतका जाड थर बसतो, की फटी बुजतात आणि चाळणीची सपाट घसरगुंडी होते. मग सगळी यंत्रणा थांबवायची, वीज तोडायची, माणसांनी आत उतरायचं आणि सुरीने एकेक थर कापून काढायचा. हे काम अनेक ठिकाणी रोजचं आहे. म्हणून सुका कचरा पिशवीत बांधून देण्यापेक्षा सुटा दिलेला बरा. आपल्याला तो व्यवस्थितपणा वाटतो, चाळणीला तो फास असतो.

पुढे लोखंड निघतं. पट्ट्यावर टांगलेला चुंबक पत्र्याचे डबे उचलून घेतो, यात नवल काही नाही. नवल आहे ते ॲल्युमिनियम वेगळं होतं त्यात. सगळ्या केंद्रातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, आणि तरी ते चुंबकानेच काढलं जातं.

पट्टा जिथे संपतो तिथल्या ड्रमच्या आत आणखी एक चाक असतं. त्याच्यावर उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून पालटून येतील असे चुंबक बसवलेले असतात आणि ते मिनिटाला हजारो फेऱ्या घेतं, पट्ट्यापेक्षा कितीतरी वेगाने. ॲल्युमिनियमचा डबा त्याच्या वर आला, की त्याच्याभोवतालचं चुंबकीय क्षेत्र क्षणात कितीतरी वेळा उलटसुलट होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज खेळू लागते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं होतं. डब्याच्या पत्र्यात भोवऱ्यांसारखे विद्युतप्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते चाकाच्या क्षेत्राला विरोध करतं. डबा उडी मारल्यासारखा पुढे फेकला जातो. त्याच्याबरोबर आलेली प्लास्टिकची बाटली मात्र पट्ट्याच्या टोकावरून सरळ खाली पडते. मध्ये एक आडोसा उभा केला, की काम झालं: अलीकडे प्लास्टिक, पलीकडे ॲल्युमिनियम. स्पर्श नाही, रसायन नाही. फॉइलचा पातळ तुकडा मात्र इथे हुकतो, कारण त्यात पुरेसा प्रवाह खेळत नाही. फॉइल साठवून त्याचा मुठीएवढा गोळा केला, तर तो डब्यासारखाच उडतो.

आता उरलं प्लास्टिक. बाटली पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) आहे की पॉलिइथिलीन या दुसऱ्या जातीची हे डोळ्यांनी सांगणं कठीण, पण प्रकाशाने ते कळतं. पट्ट्यावर तीव्र दिव्यांचा झोत पडतो. त्यातल्या साधारण ९०० ते १७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात, प्रत्येक प्लास्टिक आपापल्या ठरावीक तरंगलांब्या शोषतं, कारण त्याच्या रेणूंमधले बंध ठरावीक लयीतच कंप पावतात. परत आलेल्या प्रकाशातली ही गाळलेली जागा म्हणजे त्या प्लास्टिकची सहीच. संवेदक ती वाचतो, संगणक बाटलीची जागा टिपतो आणि पट्ट्याच्या टोकाशी बरोबर त्या क्षणी हवेचा एक फुत्कार बाटलीला पलीकडच्या कप्प्यात उडवतो. पाखडण्याचंच हे सूक्ष्म रूप.

मला वाईट वाटतं ते काळ्या प्लास्टिकचं. काळा रंग देण्यासाठी त्यात बहुधा काजळी मिसळलेली असते आणि काजळी हा अवरक्त प्रकाश जवळपास सगळाच गिळते. परत काहीच येत नाही. संवेदकाला तिथे रिकामा पट्टा दिसतो. उत्तम दर्जाचं, सहज वितळणारं प्लास्टिक केवळ रंगामुळे अदृश्य होतं आणि उरलेल्या कचऱ्याबरोबर निघून जातं. बाटलीवर वरपासून खालपर्यंत चढवलेल्या वेष्टनाचंही तेच. संवेदक वेष्टनाची सही वाचतो, बाटलीची नाही.

इथे प्लास्टिकच्या वस्तूंवर असतो त्या बाणांच्या त्रिकोणाबद्दलही सांगायला हवं. तीन बाणांचं चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या अमेरिकी विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं होतं, तेही कागदासाठी. प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये तशाच बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ आकडे घालायला सुरुवात केली. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे घट्ट पॉलिइथिलीन, ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्या वस्तूचा पुनर्वापर होईलच, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. पण बाण पाहून आपण सगळ्यांनी तो तसाच लावला.

निवडलेला माल दाबून त्याच्या गासड्या बांधतात आणि त्या कारखान्यांकडे जातात. पीईटीच्या बाटलीचं पुढे काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. तिचे नखाएवढे तुकडे होतात, ते गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून धुतात, म्हणजे लेबलचा गोंद सुटतो. मग पाण्याची टाकी. पीईटीची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट, म्हणून ते बुडतं. झाकणं पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिइथिलीनची, पाण्याहून हलकी, ती वर तरंगतात. झाकण बाटलीला लावलेलं राहिलं तरी चालतं, ते यामुळे. पण पीव्हीसी या आणखी एका प्लास्टिकची घनता जवळपास पीईटीइतकीच असते आणि ते त्याच्याबरोबर तळाशी जातं. पुढे पीईटी २५० अंश सेल्सिअसच्या वर वितळवताना पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि ती पीईटीच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडते. थोडक्या पीव्हीसीनेही चांगला घाणा पिवळा आणि ठिसूळ होतो. पाण्याचा अंशही हेच करतो, म्हणून तुकडे वितळवण्याआधी अगदी कोरडे करावे लागतात. तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडण्यासाठी, वितळवून केलेले दाणे पुन्हा न वितळवता २०० अंशांच्या आसपास निर्वात जागेत तासन् तास तापवतात. हे केलं तर बाटलीची पुन्हा बाटली होते. नाही तर धागा होतो, त्याचं कापड किंवा सतरंजी होते आणि बहुतेक वेळा प्रवास तिथेच थांबतो.

कागदाची गोष्ट वेगळी. त्याला पाणीच सोडवतं. मोठ्या घुसळणीत कागद भिजला, की तंतूंमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि लगदा होतो. मग त्यात साबणासारखं द्रव्य घालून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. पाण्याशी न पटणारे शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो फेस काढून टाकतात. छापील कागदाची शाई धुऊन पुन्हा कागद करण्याची पद्धत युस्टुस क्लाप्रोट या जर्मन कायदेपंडिताने १७७४ मध्येच मांडली होती. कागदाच्या पिना काढत बसण्याची गरज नाही, त्या लगद्यातून सहज वेगळ्या होतात. तेलकट डाग मात्र तंतूंमध्ये मुरतो आणि लगद्यातही सुटत नाही. शिवाय प्रत्येक फेरीत तंतू आखूड आणि ताठर होतात. साधारण ५ ते ७ फेऱ्यांनंतर ते एकमेकांना धरून राहू शकत नाहीत, म्हणून लगद्यात ताज्या लाकडाचे तंतू घालत राहावंच लागतं.

काच आणि ॲल्युमिनियम या बाबतीत भाग्यवान. त्यांच्यात तुटायला साखळ्याच नाहीत. भट्टीत १० टक्के जुनी काच घातली, की सुमारे २.५ ते ३ टक्के इंधन वाचतं. फक्त चिनी मातीचा तुकडा चालत नाही. तो वितळत नाही, बाटलीच्या भिंतीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला तर खनिजापासून नवं काढण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. आजवर तयार झालेल्या ॲल्युमिनियमपैकी जवळपास ७५ टक्के आजही कुठे ना कुठे वापरात आहे, असा या उद्योगाचा अंदाज आहे.

आणि मग चकचकीत पाकिटं. बाहेर छापलेलं पीईटी, मध्ये ॲल्युमिनियमचा थर, आत पॉलिइथिलीन, सगळं मिळून केसाएवढं जाड. ही मिसळण आपल्या डब्यात झालेली नाही, ती कारखान्यातच झाली आहे. तिथे चाळणी, चुंबक, प्रकाश यांपैकी काहीच पुरं पडत नाही. घरी कितीही नीट वेगळी ठेवली तरी अशी पाकिटं बहुतांशी जाळली किंवा पुरली जातात, आणि याचा दोष घरातल्या माणसावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत सुमारे ६.३ अब्ज टन प्लास्टिक कचरा झाला होता. त्यातला ९ टक्के पुनर्वापरात गेला, १२ टक्के जाळला गेला, ७९ टक्के भराव क्षेत्रात किंवा उघड्या निसर्गात साठला. २०१८ मध्ये चीनने आयात गासड्यांमध्ये भेसळ ०.५ टक्क्यांहून जास्त चालणार नाही, अशी अट घातली. अनेक देशांच्या गासड्या तिच्यात बसल्या नाहीत. बंदरावरून माल दिसेनासा होत होता, म्हणून तो निवडलेला आहे असं वर्षानुवर्षं धरलं गेलं होतं.

वेगळं करण्याचं काम आता रेणूंपर्यंत उतरू लागलं आहे. २०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पीईटी खाऊन जगणारा एक जिवाणू शोधून काढला, इडिओनेला साकाइएन्सिस. त्याचे नमुने घेतले होते ते साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या आवारातून. २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांनी पीईटी तोडणाऱ्या दुसऱ्या एका विकरात, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनात, बदल करून ७२ अंश तापमानाला १० तासांत ९० टक्के पीईटी त्याच्या मूळ घटकांपर्यंत सोडवून दाखवलं. त्या घटकांपासून केलेली बाटली नव्या बाटलीइतकीच पक्की असते. त्यासाठी तुकडे आधी वितळवून झटकन थंड करावे लागतात, नाहीतर रेणूंची घट्ट रचना विकराला दाद देत नाही. शेजारी पॉलिइथिलीनचा तुकडा पडलेला असेल, तर त्याला हे विकर हातही लावत नाही.